सरकारला ‘थांब’ म्हणणारं पुस्तक

एक फेसबुक पोस्ट, एक लाइक आणि दोघींना अटक. त्यातून सुरू झालेली लढाई सुप्रीम कोर्टात जिंकली गेली. पण निकाल लागला तरी ती संपली नाही. संविधान कसं चालतं आणि कुठे अडतं, हे समजून घ्यायचं तर कलम ६६-अ ची गोष्ट माहीत हवीच.

नागरिकशास्त्राशी तुमची शेवटची गाठ कधी पडली होती? बहुतेकांचं उत्तर ‘दहावीत’ असंच असेल. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला तो विषय. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ ही तीन नावं पाठ करायची, मूलभूत हक्कांची यादी घोकायची, ‘सकारण स्पष्ट करा’मध्ये चार ओळी लिहायच्या आणि हात झटकायचे. पुढे स्पर्धा परीक्षा देणारे तेवढे पुन्हा त्या वाटेला जातात, तेही कलमांचे नंबर लक्षात ठेवायला.

या सगळ्यात मंडळं तीन आहेत तरी कशाला, एकानं काम भागलं नसतं का, हा साधा प्रश्न विचारायचाच राहून जातो. संविधान म्हणजे देश चालवायचं पुस्तक, एवढी समजूत घेऊन आपण अठराव्या वर्षी मतदार होतो. ती चूक नाही, पण अर्धीच आहे. संविधान सरकारला अधिकार देतं हे खरं. पण तेच संविधान सरकारला बजावतं की इथपर्यंतच, यापुढे नाही. हे दुसरं काम जास्त अवघड. ज्याच्या हातात पोलीस, तुरुंग आणि तिजोरी आहे, त्याला ‘थांब’ म्हणायचं तर म्हणणाऱ्याच्या हातात काय असतं? कागद!

तो कागद काम कसा करतो, हे कळायला एक गोष्ट पुरेशी आहे. आपल्याच महाराष्ट्रात सुरू झालेली, तुमच्याच वयाच्या मुलींची.

एक पोस्ट, एक लाइक

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेला लाखोंचा जनसागर लोटला आणि मुंबई बंद राहिली. त्या दिवशी पालघरमधल्या एका तरुणीनं फेसबुकवर पोस्ट टाकली. हा बंद आदरापोटी आहे की भीतीपोटी, असा तिचा साधारण सूर होता. तिच्या मैत्रिणीनं ती पोस्ट लाइक केली. दोघी विशीतल्या.

पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. गावात संताप उसळला. पोस्ट लिहिणारीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड झाली. आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. एकीला लिहिल्याबद्दल, दुसरीला अंगठा दाबल्याबद्दल.

दोघी जामिनावर सुटल्या. देशभर टीका झाली, दोन पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि पुढे खटलाही बंद झाला. ती पोस्ट तुम्हाला पटते का, हा इथे मुद्दाच नाही. ती वाचून ज्यांना वाईट वाटलं त्यांचं वाईट वाटणंही खोटं नव्हतं. प्रश्न एवढाच की, एखाद्याला वाईट वाटलं म्हणून सरकारनं दुसऱ्याला उचलून पोलीस ठाण्यात न्यावं का? आणि पोलिसांना तसं करता आलं ते कशाच्या जोरावर?

त्या दोघींवर लावलेल्या कलमांमध्ये एक होतं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ.

‘त्रास’ म्हणजे किती त्रास?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात डिसेंबर २००८ मध्ये संसदेनं दुरुस्ती केली आणि ६६-अ जन्माला आलं. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. कलम लागू झालं ऑक्टोबर २००९ पासून.

कलमात काय होतं? कॉम्प्युटर किंवा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा धमकीवजा मजकूर पाठवला तर गुन्हा. खोटं आहे हे माहीत असून त्रास, गैरसोय, अपमान, वैरभाव वगैरे निर्माण करायला एखादी गोष्ट सतत पाठवली तर गुन्हा. कुणाला त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून ईमेल किंवा मेसेज पाठवला तरी गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय गुन्हा दखलपात्र, म्हणजे अटकेसाठी वॉरंटची गरज नाही.

आता यातले शब्द पुन्हा वाचा. त्रास. गैरसोय. आक्षेपार्ह. मेसच्या पोळ्यांवर तुम्ही मीम केलं तर मेस चालवणाऱ्याला त्रास होणारच. वॉर्डातल्या खड्ड्याचा फोटो टाकला तर नगरसेवकाची गैरसोय होणारच. दोन नटांच्या चाहत्यांच्या भांडणात तर रोज हजारो आक्षेपार्ह गोष्टी लिहिल्या जातात. मग या सगळ्यांतून अटक कुणाला करायची? कायद्यात उत्तर नाही. उत्तर ठाणे अंमलदाराच्या मनात, किंवा त्याला फोन करणाऱ्याच्या मनात. २०१२ या एकाच वर्षात कोलकात्यात व्यंगचित्र फॉरवर्ड करणारे एक प्राध्यापक आणि मुंबईत व्यंगचित्रं काढणारा एक तरुण व्यंगचित्रकार या कलमाच्या कचाट्यात सापडले होते.

आपल्याकडे म्हण आहे, राजा बोले दळ हाले. राजाच्या तोंडून शब्द निघाला की तोच कायदा. त्याच्या उलट टोकाला जी कल्पना आहे, तिला म्हणतात कायद्याचं राज्य. त्यात राजालाही कायदा लागू असतो. पण कायद्याचं राज्य म्हणजे नुसता कायदा असणं नव्हे. तो कायदा आधी माहीत हवा, सगळ्यांना सारखा हवा आणि मुख्य म्हणजे स्पष्ट हवा. मी अमुक केलं तर गुन्हा होईल, हे मला ते करण्याआधी कळलं पाहिजे. नाहीतर माणूस काय करतो? काहीच करत नाही. टाइप केलेलं डिलीट करतो. अशा कायद्यात जितके लोक पकडले जातात, त्याच्या कित्येक पट लोक मुकाट्यानं गप्प बसतात. त्यांची मोजदाद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

मोघम शब्दांचा हा खेळ आपल्याला नवा नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तल्या लिखाणासाठी राजद्रोहाचा खटला मुंबई हायकोर्टात चालला. कायद्यात शब्द होता, सरकारविषयी ‘अप्रीती’. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला त्याचा अर्थ सांगितला की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पन्नास वर्षांनी संविधान सभेत भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनांचा मसुदा आला तेव्हा त्यात ‘राजद्रोह’ हा शब्द होता. कन्हैयालाल मुन्शी यांनी तो काढावा अशी दुरुस्ती मांडली आणि तो निघाला. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण इंग्रजांच्या तुरुंगात राहून आले होते. मोघम शब्द काय करू शकतो, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

निवडून दिलंय, मग अडवायचं कशाला?

इथे एक शंका तुमच्या मनात यायलाच हवी. इंग्रजांचं सरकार परकं होतं, त्याला लगाम हवा हे पटलं. पण आता सरकार आपण निवडून देतो. ते नको असेल तर पाच वर्षांनी बदलतो. मग आपल्याच सरकारच्या पायात बेड्या कशाला?

कारण निवडणुकीत बहुमत जिंकतं आणि हरलेलेही नागरिकच असतात. दहा जणांच्या ग्रुपमध्ये सहा जणांनी ठरवलं की ट्रिप गोव्याला जाणार, तर गोव्याला जायचं. ही लोकशाही. पण त्याच सहा जणांनी ठरवलं की उरलेल्या चौघांनी तोंड उघडायचं नाही, तर? सहाचं बहुमत तेच आहे, मतदानही रीतसर झालंय. तरी आपल्याला ते खटकतं. काही गोष्टी मतदानाला टाकायच्याच नसतात. त्या कोणत्या, हे भांडण सुरू होण्याआधी शांत डोक्यानं लिहून ठेवायचं आणि सगळ्यांनी त्यावर सही करायची. संविधानातले मूलभूत हक्क म्हणजे अशी आधीच लिहून ठेवलेली यादी. आणि आज सहांत असलेला उद्या चौघांत असू शकतो, हे लक्षात घेतलं तर ती यादी सगळ्यांच्याच फायद्याची.

यादी लिहिली, पण ती पाळली जातेय हे बघणार कोण? सरकारवर लक्ष ठेवायचं काम सरकारनंच केलं तर कुंपणच शेत खाईल. म्हणून तीन मंडळं. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, आणि तो संविधानात बसतो का हे तपासणारे वेगळे. आपल्याकडे पहिल्या दोघांत पूर्ण फारकत नाही. मंत्री हे संसदेचेच सदस्य असतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं. त्यामुळे सरकारकडे भक्कम बहुमत असलं की ही दोन मंडळं बरेचदा एकाच दिशेनं चालतात. म्हणून तिसऱ्याचं वेगळेपण आपल्याकडे फार महत्त्वाचं ठरतं.

संविधानाचं कलम १३ सांगतं की, मूलभूत हक्कांचा भंग करणारा कायदा, जितका भंग होतो तितका, रद्दबातल. आणि कलम ३२ सांगतं की, हक्काचा भंग झाला तर थेट सुप्रीम कोर्टात जाता येईल. हक्क मोडला तर दार ठोठावता येणं हाही हक्कच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत याच कलमाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. कारण दारच नसेल तर यादी भिंतीवर टांगायच्या कामाची.

दार ठोठावलं एका मुलीनं

पालघरच्या अटकेनंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर २०१२ मध्येच, श्रेया सिंघल या दिल्लीच्या तरुणीनं सुप्रीम कोर्टात याचिका दाखल केली. तीही विशीतलीच. तिच्या घरात वकिलीची परंपरा होती, त्यामुळे दार कुठे आहे हे तिला माहीत होतं, हेही खरं. पण तिला स्वतःला कुणी अटक केली नव्हती. जनहिताच्या याचिकेत ते लागतही नाही. पुढे आणखी याचिका आल्या आणि सगळ्या एकत्र ऐकल्या गेल्या.

दरम्यान केंद्र सरकारनं राज्यांना सूचना काढली की, या कलमाखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करू नका. कोर्टातही सरकारचं म्हणणं साधारण असंच होतं की, कलमाचा गैरवापर होत असेल, तो आम्ही होऊ देणार नाही. पण तेवढ्यासाठी कलम रद्द कशाला?

वरवर बघितलं तर म्हणणं वाजवी वाटतं. पण नीट विचार करा. हॉस्टेलच्या नियमात लिहिलंय की रेक्टर कधीही, कुठल्याही कारणानं खोली रिकामी करायला सांगू शकतात. तुम्ही तक्रार केली, तर रेक्टर म्हणतात, अरे, मी असं करेन का? ते खरंच नाही करणार. पण पुढच्या वर्षी रेक्टर बदलले तर? कोर्टानं नेमकं हेच बोट ठेवलं. सरकारं येतात आणि जातात, कलम मात्र राहतं. आजच्या सरकारचं आश्वासन उद्याच्या सरकारला बांधत नाही. सत्तेवरची माणसं चांगली असतील या भरवशावर कायदा करायचा नसतो.

२४ मार्च २०१५. न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठानं निकाल दिला. ६६-अ संपूर्णपणे घटनाबाह्य, म्हणून रद्द.

बोलणं, पटवणं आणि चिथावणं

निकालातली एक विभागणी सोशल मीडियावर वावरणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. कोर्ट म्हणतं, बोलण्याचे तीन टप्पे असतात. पहिला, चर्चा. दुसरा, एखाद्या मताची बाजू घेऊन ते पटवणं. तिसरा, चिथावणी. पहिले दोन कुणाला कितीही झोंबले तरी ते स्वातंत्र्याच्या गाभ्यात येतात. कायद्यानं हात घालायचा तो तिसऱ्या टप्प्यावर. ६६-अ ची गोची ही होती की ते तिन्ही टप्पे एकाच जाळ्यात ओढत होतं.

मग काहीही बोलायला मोकळीक आहे का? मुळीच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं संविधानही म्हणत नाही. कलम १९(१)(अ) भाषणस्वातंत्र्य देतं आणि कलम १९(२) त्यावर बंधनं घालू देतं. पण ती बंधनं मोजकी आहेत. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. बस, एवढीच. वर आणखी एक अट, बंधन वाजवी हवं. या यादीत ‘त्रास’ नाही, ‘गैरसोय’ नाही.

सरकारनं सांगितलं की ६६-अ सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, चिथावणी आणि सभ्यता यांत बसतं. कोर्टानं एकेक दावा तपासला. सुव्यवस्थेचा प्रश्न समाजाचं जगणं विस्कळीत होतं तेव्हा येतो. इथे एकाच माणसाला पाठवलेला मेसेजही गुन्हा ठरत होता. बदनामीत अब्रूला धक्का लागावा लागतो. इथे तशी अटच नव्हती. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ हे ठरवायचं कसं, यासाठी कोर्टानं इंग्लंडमधल्या एका खटल्याचा दाखला दिला. तिथे तेच शब्द, तेच संभाषण. खालच्या कोर्टांना ते अत्यंत आक्षेपार्ह वाटलं नाही आणि वरच्या कोर्टाला वाटलं. कायदा कोळून प्यायलेल्या न्यायाधीशांचं एकमत होत नसेल तर पोस्ट टाकणाऱ्या पोरानं काय ओळखायचं?

हे दोन न्यायाधीश कोण?

आता एक खरा आक्षेप. संसदेत शेकडो खासदार, त्यांच्यामागे कोट्यवधी मतदार. त्यांनी केलेला कायदा दोन न्यायाधीशांनी एका सकाळी खोडून टाकावा? त्यांना कुणी निवडून दिलं?

कुणीच नाही. आणि हा प्रश्न विचारणारे मूर्ख नाहीत. जगभरचे अभ्यासक तो विचारतात. त्याचं उत्तर आपल्या संविधानानं एका वाक्यात दिलेलं नाही, पण त्याच्या रचनेत ते आहे. न्यायाधीशांना स्वतःची आवड-निवड लादता येत नाही. त्यांना संविधानाच्या मजकुराकडे बोट दाखवावं लागतं, कारणं लिहावी लागतात आणि ती जाहीर करावी लागतात. आणि संसदेकडेही शब्द उरतो. कलम ३६८ खाली ती संविधानात दुरुस्ती करू शकते.

तसं झालंही आहे, अगदी सुरुवातीलाच. १९५० मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर तेव्हाच्या मद्रास सरकारनं आपल्या राज्यात बंदी घातली. संपादक रमेश थापर सुप्रीम कोर्टात गेले आणि जिंकले. संविधान लागू होऊन तेव्हा चार-पाच महिनेच झाले होते. लगेच १९५१ मध्ये संसदेनं पहिली घटनादुरुस्ती केली आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’, ‘परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’, ‘गुन्ह्याला चिथावणी’ ही नवी कारणं १९(२) मध्ये घातली. स्वातंत्र्याचं अंगण आक्रसलं. पण त्याच दुरुस्तीत एक शब्द आणखी घातला गेला, ‘वाजवी’. चौसष्ट वर्षांनी ६६-अ च्या कायद्याला ज्या मापानं मोजलं, त्यातलं एक माप त्या दुरुस्तीनंच दिलेलं होतं.

म्हणजे हे दोघांचं चाललेलं संभाषण आहे. कधी संसद एक पाऊल पुढे, कधी कोर्ट. संसदेच्या दुरुस्तीलाही शेवटची हद्द आहे, हे २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमतानं सांगितलं. संविधान बदलता येईल, पण त्याची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. घराला रंग द्या, खोली वाढवा. खांब काढू नका. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज नागरिकशास्त्राचं पुस्तक वेगळं असतं.

मेलेलं कलम चालू लागतं

इथवरची गोष्ट जिंकल्याची आहे. बहुतेक लेख इथेच थांबतात. पण तुम्ही थांबू नका.

सुप्रीम कोर्टानं सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक, हे कलम १४१. सगळ्या प्रशासनानं सुप्रीम कोर्टाच्या साहाय्यार्थ वागायचं, हे कलम १४४. म्हणजे २४ मार्च २०१५ च्या संध्याकाळपासून ६६-अ खाली एकही नवा गुन्हा नोंदवला जायला नको होता.

प्रत्यक्षात नोंदवले जात राहिले. पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना पुन्हा कोर्टात गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टानं आदेश दिला की, निकालाच्या प्रती हायकोर्टांमार्फत जिल्हा न्यायालयांना आणि मुख्य सचिवांमार्फत पोलिसांना पाठवा. तरी थांबेना. २०२१ मध्ये संघटनेनं आकडा मांडला की, मार्चपर्यंत ११ राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत या रद्द कलमाखालची ७४५ प्रकरणं अजून चालू होती. अशी प्रकरणं जास्त असलेल्या राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्रही वरच होता. पालघरची गोष्ट ज्या राज्यात घडली, त्याच राज्यात!

असं कसं झालं? पोलीस मुद्दाम कोर्टाचा अवमान करत होते का? कारण ऐकाल तर हसावं की रडावं कळणार नाही. जुलै २०२१ च्या सुनावणीत ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनीच ते सांगितलं. छापील कायद्याच्या पुस्तकात ६६-अ अजून तसंच दिसतं. रद्द झाल्याची नोंद असते ती पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. गुन्हा नोंदवणारा अंमलदार कलम वाचतो, तळटीप वाचत नाही.

एका तळटिपेनं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हरवलं होतं! हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती नरिमन त्या दिवशी त्याच खंडपीठावर होते. जे चाललंय ते धक्कादायक आहे, अशी प्रतिक्रिया त्यांनी दिली.

अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टानं पुन्हा आदेश काढला. ६६-अ खाली कुणावरही खटला चालवू नये, चालू प्रकरणांतून हे कलम वगळावं, पोलीस महासंचालक आणि गृह सचिवांनी सगळ्या ठाण्यांना तसं कळवावं. आणि सरकारी असो की खासगी, कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात ६६-अ छापलं तर ते रद्द झालंय हे वाचकाला नीट कळेल असं छापावं. निकालापासून या आदेशापर्यंत साडेसात वर्षं गेली.

या साडेसात वर्षांत ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यांच्याकडे संविधानाचं संरक्षण होतं. त्यांच्याकडे नव्हता तो वकील, पैसा, किंवा ‘साहेब, हे कलम रद्द झालंय’ एवढं सांगायची माहिती. संविधान कितीही चांगलं असलं तरी ते राबवणारे चांगले नसतील तर ते वाईट ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिला होता. राबवणारे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंतप्रधान आणि मुख्यमंत्री येतात. इथे राबवणारा होता रात्रपाळीचा अंमलदार, जुनं पुस्तक समोर घेऊन बसलेला.

दुसरा अंक मुंबईत

कलम गेलं म्हणून प्रश्न गेला नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्राच्या कारभाराबद्दलचा कोणता ऑनलाइन मजकूर ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ आहे, हे केंद्रानंच नेमलेली फॅक्ट चेक यंत्रणा ठरवणार होती. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्यात मतभेद झाले. एकाच्या मते नियम घटनाबाह्य, दुसरीच्या मते वैध. प्रकरण तिसऱ्याकडे, न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे तो रद्द झाला.

फेक न्यूज खोटी समस्या नाही. तुमच्या फॅमिली ग्रुपवर ती रोज सकाळी ‘सुप्रभात’सोबत येते. पण सरकारबद्दलचं खरं काय, हे ठरवण्याचा हक्क सरकारलाच दिला तर वादीच न्यायाधीश झाला. पालघरच्या वेळचे दोन्ही प्रश्न इथेही हजर आहेत. शब्द स्पष्ट आहेत का? आणि ठरवणार कोण? उद्या एखाद्या नव्या कायद्याची बातमी आली की तो कुठल्या पक्षानं आणला हे बघण्याआधी हे दोन प्रश्न विचारून बघा. तुमच्या आवडत्या पक्षानं आणला असेल तर आवर्जून विचारा. आणि तो कायदा नावडत्या पक्षाच्या हातात पडला तर काय होईल, याची कल्पना करा.

हे माहीत असू द्या

• ६६-अ रद्द आहे. या कलमाखाली गुन्हा दाखल होऊ शकत नाही. कुणी या कलमाची भीती घातली तर २४ मार्च २०१५ चा श्रेया सिंघल निकाल आणि १२ ऑक्टोबर २०२२ चा आदेश, एवढ्या दोन तारखा सांगा.

• बाकीचे कायदे शाबूत आहेत. धमकी, बदनामी, अश्लील मजकूर, दोन समाजांत तेढ निर्माण करणं हे ऑनलाइनही गुन्हेच आहेत. फॉरवर्ड केलं, मी लिहिलं नव्हतं, ही सबब चालेलच असं नाही.

• अटक झालीच तर कारण जाणून घ्यायचा, आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलायचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केलं जाण्याचा हक्क कलम २२ देतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक न करता आधी नोटीस देऊन बोलावणं, ही कायद्याची अपेक्षा आहे.

• वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं.

• मूलभूत हक्क प्रामुख्यानं सरकारविरुद्ध असतात. इन्स्टाग्रामनं तुमची रील काढली किंवा ग्रुप ॲडमिननं तुम्हाला बाहेर काढलं, तर तो भाषणस्वातंत्र्याचा खटला होत नाही. त्याचं भांडण ॲडमिनशीच करा.

‘भारताचे संविधान’ मराठीत मिळतं. सगळं वाचायची गरज नाही. भाग तीन, म्हणजे कलम १२ ते ३५, एका दुपारी वाचून होतात. परीक्षेला नाहीत, मार्क मिळणार नाहीत. आणि हो, वाचताना तळटिपाही वाचा. ठाण्यातल्या अंमलदारानं त्या वाचल्या नसतील, तर निदान समोर उभ्या असलेल्या तुम्ही तरी वाचलेल्या असाव्यात.